त्या दिवशी मी जीप रिकामी केली

माझी नोकरी मी आयुष्यभर अर्धीच सांगितली. लग्नाकार्यात कुणी विचारलं की "सरकारी दवाखान्यात, समुपदेशक." कुठल्या विभागात म्हणून आणखी कुणी उकरलं, तर "औषधं वेळेवर घ्या म्हणून सांगायचं काम." यात खोटं काही नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात त्या जागी, मी अठरा वर्षं तेच सांगत बसले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अजून पाहुण्यांकडं मी अर्धंच बोलते. हे पहिल्यांदा पुरं लिहितेय, आणि लिहिताना तीनदा उठून स्वयंपाकघरात जाऊन आलेय.

लोकांना वाटतं, असल्या ठिकाणी दिवसभर रडारड असेल. ती पहिल्या दिवशी असते. माणूस येतो, खुर्चीत बसतो, "आता किती दिवस?" विचारतो. आपण सांगायचं, दिवस कसले, गोळी घेतलीत तर म्हातारे व्हाल. पुढची सगळी वर्षं उरतं ते एकच काम. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, जन्मभर. गोळ्या चुकत गेल्या की विषाणू शहाणा होतो आणि मग ते औषध त्याला जुमानत नाही. म्हणून पेशंटनं येताना उरलेल्या गोळ्यांसकट डबी आणायची आणि आम्ही ती टेबलावर ओतून मोजायची. जास्त उरल्या तर चुकवल्या. हिशेब इतका सरळ.

लपवालपवी मात्र सरळ नसायची. एक आजी गोळ्या मेतकुटाच्या बरणीत ठेवायच्या, कारण सुनेला मेतकुटाचा वास चालत नव्हता. एका मास्तरांनी डबीवर कॅल्शियमच्या औषधाचं लेबल इतकं बेमालूम चिकटवलं होतं, की मोजताना मीच चरकले. मला या सगळ्यांचा फार अभिमान होता. त्याहून मोठा अभिमान होता तो माझ्या नजरेचा. दारातून आत येणाऱ्या माणसाची चाल बघून मला कळायचं, याच्या गोळ्या चुकल्यात की नाही. निदान मी तसं सगळ्यांना सांगायचे.

हणमंतभाऊंच्या बाबतीत मला काहीच कळलं नाही.

नाव बदललंय. गावही सांगत नाही, पाटण तालुक्यातलं आहे एवढं पुरे. त्यांची स्वतःची जीप होती आणि पाटण ते कोयनानगर ते वडाप करायचे. वडाप म्हणजे माणसं भरभरून नेणारी खाजगी गाडी, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगितलं. एवढ्या लांबून ते औषधाला सांगली जिल्ह्यात का यायचे, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. म्हणाले, "म्याडम, कराडातली निम्मी मान्सं माज्या गाडीत बसत्यात. तितं रांगंत हुबा ऱ्हायलो तर निम्म्यांनी रामराम घालायचा." बायको छाया. तिची तपासणी दरवेळी निर्दोष यायची. घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

नऊ वर्षं त्यांची एक गोळी इकडची तिकडं झाली नाही. असल्या पेशंटला आम्ही तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायचो, म्हणजे खेप वाचते. नवीन आलेल्या घाबरलेल्या माणसाला मी कधीकधी त्यांच्याशेजारी बसवून द्यायचे, त्यांची परवानगी घेऊन. ते त्याला पाटण-कोयना रस्त्यावरच्या गमती सांगून हसवायचे.

दहाव्या वर्षी एकदा डबीत सव्वीस गोळ्या उरल्या.

मी रागावले. नुसती विचारपूस करायला हवी होती, पण मी रागावले, कारण माझा नमुन्याचा पेशंट बिघडला होता. "गोळी गिळायला वेळ किती लागतो, हणमंतभाऊ?" ते खाली बघत राहिले. "इसरतंय," म्हणाले. मी म्हटलं, "गाडी धुवायला विसरता का?" तीन महिन्यांची औषधं बंद केली, दर महिन्याला यायला लावलं. पुढच्या महिन्यात चौदा उरल्या. त्यावेळी मी सिस्टरसमोर बोलले, जरा मोठ्यानंच. बायकोचा विचार करा, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडं बघितलं नाही. नेहमीची थट्टा नाही, काही नाही. मला वाटलं, लाजले.

त्यानंतरचे चार महिने डबी बरोबर यायला लागली. अगदी मोजून. मी खूष. विषाणूचं रक्तातलं प्रमाण तपासायची तारीख जवळ आली होती, ती मी थोडी अलीकडं ओढू शकले असते. ओढली नाही. गोळ्या बरोबर येतायत, मग घाई कशाला?

मग एका दुपारी छायाचा फोन आला.

"म्याडम, ह्यांचं कायतरी बिघाडलंय. न्हाणीत गेलं की अर्धा-अर्धा तास भाईर येत न्हाईत. आत जाऊन बघितलं तर तांब्या हातात धरून हुबं. पानी पार गार झालेलं."

"पितात का?" मी विचारलं. पहिला प्रश्न हाच सुचला मला.

"मलाबी तसंच वाटलं. रोज तोंडाचा वास घेती मी. न्हाई ओ. बोलत न्हाईत, हसत न्हाईत. शर्टाचं बटान एका भोकाचं दुसऱ्या भोकात. चालताना उंबऱ्याला ठेचाळत्यात. दीर म्हनतोय भाईरचं कायतरी हाय, देवर्षाकडं न्यायचं."

"आणि गोळ्या?"

ती हळूच म्हणाली, "गोळ्या उकिरड्यात घावल्या. पेपरात पुड्या बांधून टाकलेल्या. मी इचारलं तर म्हनालं, जास्ती उरल्या की म्याडम वराडत्यात."

फोन ठेवल्यावर मी पुढच्या पेशंटला आत बोलवू शकले नाही. चार महिने मी ज्या बरोबर डब्यांवर खूष होते, त्या माझ्या धाकानं बरोबर आल्या होत्या.

माझ्या टेबलाच्या खणात एका जुन्या प्रशिक्षणातला कागद होता. त्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, की हा विषाणू रक्तापुरता राहत नाही, मेंदूतही शिरतो. औषध नीट चालू असलं की बहुतेकांच्या बाबतीत तिथंही दबून असतो. औषध तुटलं की काहींचं डोकं मंदावत जातं. यात आरडाओरडा नसतो, वेडेवाकडे भासही सहसा नसतात, म्हणून तर ते कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस नुसता हळू होतो. विसरतो, हातातल्या कामात अडकून पडतो, हात-पाय जड होतात, कशात जीव रमत नाही. घरचे म्हणतात आळशी झाला. माझ्यासारखे म्हणतात बेफिकीर झाला. गोळी विसरली म्हणून डोकं मंद, आणि डोकं मंद म्हणून गोळी विसरते. यातलं आधी काय झालं हे हणमंतभाऊंच्या बाबतीत मला अजून माहीत नाही. अठरा वर्षांत असे पेशंट मी मोजकेच बघितले, त्यामुळं तो कागद वर यायचं काही कारणच पडलं नव्हतं.

दोन दिवसांनी छाया त्यांना घेऊन आली. कागदावर सोप्या परीक्षा होत्या. मी चार शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग अंगठा आणि पहिलं बोट भराभर एकमेकांवर आपटायला सांगितलं. त्यांची बोटं अशी चालली, जणू मधात बुडालीत. मग मूठ, तळवा, हाताची कड, असं एकामागून एक टेबलावर ठेवायचं होतं. त्यांनी मूठ ठेवली. परत मूठ ठेवली. माझ्या हाताकडं नीट बघितलं आणि परत मूठच ठेवली. शेवटी मी ते चार शब्द विचारले.

"कुठलं शब्द?" ते म्हणाले.

छाया खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

आमच्या केंद्राचे डॉक्टर वयानं माझ्या मुलाएवढे, पण माणूस सावध. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, अशी लक्षणं टीबी मेंदूत गेला तरी येतात, बुरशीनं येतात, गाठीनंही येतात, तेव्हा आधी ते सगळं नाही ना हे बघायला हवं. मिरजेला भरती व्हा, मेंदूचा फोटो काढू, पाठीतलं पाणी तपासू. रक्त त्याच दिवशी घेतलं. केसपेपरवर त्यांनी ठळक लिहिलं, वाहन चालवू नये. मी ते हणमंतभाऊंना वाचून दाखवलं.

"बरं," म्हणाले.

"काय सांगितलं मी?"

"गाडी न्हाई चालवायची."

"मिरजेला कधी जायचं?"

"सोमवारी."

सोमवारी ते मिरजेला पोचले नाहीत. मी छायाला फोन लावला. ती रडकुंडीला आली होती. "सकाळी उठलं आन गाडी काढून गेलं. किल्ली लपवली हुती मी. दिरानं हुडकून दिली. म्हनला, चालत्या धंद्याला खीळ का घालतीस? आता त्याला काय सांगू मी, म्याडम? का न्हाई चालवायची त्ये काय म्हनून सांगू?"

मी फोनवर हणमंतभाऊंना मागितलं. दुसऱ्या दिवशी ते फोनवर आले. तेच सगळं परत सांगितलं. "बरं," म्हणाले. आणि गाडी घेऊन गेले.

तो आठवडा मला आठवतो तो असा, की मी कुठंच पाच मिनिटं बसले नाही. खुर्चीवरून उठायचे, बोळात जायचे, परत यायचे. पेशंटच्या परवानगीशिवाय त्याच्या आजाराबद्दल अवाक्षर बाहेर काढायचं नाही, हा आमच्या कामाचा पाया आहे. कायदाही तेच सांगतो. अठरा वर्षांत मी नवऱ्याजवळसुद्धा कुणाचं नाव घेतलं नव्हतं. आणि तिकडं वळणावळणाच्या रस्त्यावर, ज्याला मूठ उघडून तळवा ठेवता येत नव्हता, तो माणूस दहा-बारा जणांना घेऊन फिरत होता. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, पेशंटला सांगा, त्याच्या बायकोला सांगा. त्यापलीकडं आपल्याला जाता येत नाही." त्यांचं चुकत नव्हतं. पेपर उघडला की मी आधी अपघाताची बातमी शोधायला लागले.

रविवारी मी एसटीत बसले. नवरा म्हणाला, "तू जाऊन करणार काय?" मी म्हटलं, "बघून येते." इस्लामपूर, कराड, पाटण. पाटणला उतरेपर्यंत मी काय करणार हे मला खरंच माहीत नव्हतं.

वडापच्या थांब्यावर त्यांची जीप लागलेली होती. मी डोक्याला ओढणी गुंडाळून चालकाच्या मागं जागा धरली. त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि ओळख पटली नाही. गाडीत बाजार करून निघालेल्या तीन बायका होत्या, दोन म्हातारे होते, कोयनेच्या कॉलनीकडं निघालेली एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन बसली होती. पुढं त्यांच्याशेजारी टॉवेल बांधलेला एक धट्टाकट्टा गडी होता, त्यांच्या ओळखीचा.

सुरुवातीला काही वाटलं नाही. नऊ वर्षं त्यांच्या गमतींतून ऐकलेला तोच रस्ता, हात स्टिअरिंगवर सवयीनं फिरत होते. सवय शेवटी जाते म्हणतात. मला क्षणभर बरंही वाटलं. मग एका वळणावर गाडी उजवीकडं गेली आणि वळण संपलं तरी उजवीकडंच राहिली. समोरून डंपर येत होता. त्याचा हॉर्न वाजतच राहिला. हणमंतभाऊ त्याच्याकडं बघत होते, म्हणजे डोळे तिकडं होते. शेजारच्या गड्यानं झडप घालून स्टिअरिंग ओढलं. "आरं हणम्या! आरं झोपलास का काय गड्या?"

डंपर घासून गेला. जीप थोडी पुढं जाऊन रस्त्यातच थांबली. हणमंतभाऊंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ते शांत बसले. घाम नाही, थरथर नाही. मागच्या बायका आधी किंचाळल्या आणि मग, वाचलेली माणसं हसतात तशा हसायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, "काल लय झाली वाटतं." आणि हणमंतभाऊंनी परत गिअर टाकला.

"थांबवा!" मी ओरडले. "उतरा सगळे. खाली उतरा."

"का ओ बाई?"

"यांच्या डोक्याला आजार आहे. यांना गाडी चालवायची बंदी आहे. मी दवाखान्यातली आहे, मला माहिती आहे. उतरा."

सगळे उतरले. लेकराची आई पहिली. मी स्वतः दार धरून उभी होते. मग ज्या गड्यानं स्टिअरिंग ओढलं होतं, त्यानं विचारलं, "कुठल्या दवाखान्यातल्या तुमी?"

मी सांगलीकडच्या म्हणू शकले असते, काहीही म्हणू शकले असते. मला काही सुचलं नाही. दवाखान्याचं नाव लपवावं लागतं तो आजार कुठला, हे कुणालाही कळतं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग त्यानं हणमंतभाऊंकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळताना मला दिसलं. त्यानं आपला हात टॉवेलला पुसला.

हणमंतभाऊ खाली उतरून माझ्यासमोर आले. आता त्यांनी मला ओळखलं. "म्याडम, तुमी हितं?" आणि मग, अगदी साध्या आवाजात, "माजी शिटं का उतरवताय?"

वडापवाले माणसाला शीट म्हणतात. त्या गड्यानं जीप कडेला लावली, किल्ली माझ्या हातात दिली, तीही लांबून. मी छायाला फोन केला. ती येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला एका मोरीवर बसलो. ते पाण्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते मिरजेला भरती झाले. मेंदूच्या फोटोत गाठ नव्हती. पाठीतल्या पाण्यात टीबी नव्हता, बुरशी नव्हती. रक्तात विषाणू मात्र उसळलेला होता. निदान जे वाटलं होतं तेच झालं. औषधं बदलली, आणि छायानं गोळी स्वतःच्या हातानं त्यांच्या जिभेवर ठेवायला सुरुवात केली. पाणी पाजून, तोंड उघडायला लावून बघायची. पहिले दोन महिने काही फरक नव्हता. मग एक दिवस त्यांनी शर्टाची बटणं बरोबर लावली आणि तिनं मला फोन करून सांगितलं. मग ते उंबऱ्याला ठेचाळायचे थांबले. मग एकदा छायाच्या हातच्या चहाला नावं ठेवली, तेव्हा घर हसलं म्हणे. असे सात-आठ महिने गेले. पूर्वीचे हणमंतभाऊ पुरे परत आले नाहीत. बोलताना शब्दाला थांबतात. दोन कामं एकदम सांगितली तर एक राहतं. पण समोरचा माणूस कोण आणि आपण कोण, हे लख्ख.

गावात व्हायचं ते झालं. दुसरा कुणी चालवायला आला तरी थांब्यावर त्यांच्या गाडीचा नंबर लावणं बंद झालं. चहावाल्यानं पेला वेगळा ठेवला. जीप विकली. छायानं दिराला स्वतः खरं सांगितलं. तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी भावासाठी डबा घेऊन मिरजेच्या वॉर्डात आला. पुढं रोज आला. त्याला मी मनात फार वाईट ठरवलं होतं.

मी डॉक्टरांना झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मॅडम, हे मी ऐकलेलं नाही." मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं असं वाटण्याइतकी मी मोठी नाही, पण कधीकधी वाटतं.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी हणमंतभाऊ छायाबरोबर आले. पुढच्या औषधांसाठी त्यांना कराडच्या केंद्रात नाव वर्ग करून हवं होतं. मी फॉर्म काढला. छाया डबी मोजून घ्यायला सिस्टरकडं गेली. ते समोर बसले.

"म्याडम," ते म्हणाले आणि पुढचा शब्द सापडेपर्यंत थांबले. "त्या दिशी तुमी माजी मान्सं उतरवली."

"हो."

"मला आठवत न्हाई. छायानं सांगितलं. आठवत न्हाई म्हनून जास्तीच लागतंय."

"हणमंतभाऊ, डंपर होता समोर. लेकरू होतं गाडीत."

"व्हय. त्ये बी सांगितलं तिनं." परत थांबले. "मला बाजूला घिऊन सांगायचं हुतं."

"सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. तुम्ही बरं म्हणालात."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं. गोळ्यांचं तर नऊ वर्सं दर खेपंला सांगत हुतासा."

माझ्याकडं उत्तर होतं. डंपरचं, गाडीतल्या माणसांचं, कायद्याचं, सगळं होतं. त्यांनी फॉर्म पुढं ओढला. कारण या रकान्यात त्यांनी स्वतः लिहायला घेतलं, घर जवळ. एवढे दोन शब्द लिहायला बराच वेळ गेला. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, मी "थांबा" म्हणाले. परत वाजवलं, परत थांबवलं. त्यांनी जवळमधला ळ पूर्ण केला, पेन टोपण लावून माझ्यासमोर ठेवला आणि उठले. छाया दारात आली होती.

"जातो," ते म्हणाले.

आपल्याकडं निघताना कुणी जातो म्हणत नाही. छाया चपापली. "आवं, येतो म्हनावं."

ते दारात थांबले. शब्द शोधताना थांबायचे तसेच. मी वाट बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं न बघता मान हलवली.

"जातो," ते परत म्हणाले, आणि गेले.